मारलं नाही, नुसतं सोडून आलो



दिवाळीच्या आधी आमच्याकडे नवा सोफा आला. जुना सासऱ्यांच्या वेळचा, सागवानी. त्याच्या गाद्यांतला कापूस दोनदा पिंजून झाला होता. नव्याचं कापड मीच पसंत केलं होतं, बिस्किटी रंगाचं, जाड आणि जरा खरबरीत विणीचं. चौथ्या दिवशी सकाळी सामायिक पूर्ण करून उठले आणि पाहते तर सोफ्याच्या उजव्या हाताचे धागे लोंबताहेत. समोर आमची मनी मागच्या दोन पायांवर उभी, अंग ताणून, पुढची नखं कापडात रोवून मन लावून ओढते आहे. तिने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा आपलं काम सुरू केलं.

सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं समतेची. एकोणपन्नासाव्या मिनिटाला माझ्या तोंडून काय निघालं, ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी घरात चर्चा झाली. ह्यांनी सोफ्याचा खर्च पुन्हा एकदा सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "मी तर आधीपासूनच सांगत होते." धाकटा मनीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला. आणि शेवटी तो उपाय निघाला, जो आपल्या कितीतरी घरांत निघतो : "पोत्यात घाला आणि लांब सोडून या. मारायचं थोडंच आहे?"

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे.

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझ्या लग्नाला तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. घरात एक ठिपक्यांची मांजर होती. पाहुण्यांसाठी करून ठेवलेल्या गाद्या तिने उसवल्या, बैठकीतल्या पडद्यांवर चढून त्यांच्या चिंध्या केल्या. एक दिवस दुकानातल्या माणसाने तिला बारदान्यातल्या एका पोत्यात भरलं, सुतळीने तोंड बांधलं, टेम्पोत टाकलं आणि नांदुरा रस्त्याला कुठेतरी सोडून आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पोतं हलत होतं. मी काही बोलले नाही. नवी सून काय बोलणार, असं तेव्हा स्वतःला समजावलं. रात्री जेवताना सगळे म्हणाले, चला, जीव तर नाही घेतला.

त्या वर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावताना ते हलणारं पोतं डोळ्यांसमोर आलं. तेव्हापासून दरवर्षी येतं.

मांजर हे जागेला धरून राहणारं जनावर आहे. पाणी कुठे, आडोसा कुठे, कुत्रं आलं तर कोणत्या भिंतीवर उडी मारायची, हे सगळं तिला आपल्या गल्लीपुरतं ठाऊक असतं. घरच्या ताटलीवर वाढलेल्या मांजरीला अनोळखी रस्त्यावर सोडलं की पुढे तिच्यासमोर भूक असते, कुत्री असतात, ट्रक असतात आणि उन्हाळा असेल तर आपल्या वऱ्हाडातलं ऊन असतं. आपण मारलं नाही हे खरं, पण ते काम दुसऱ्यांवर सोपवून आलो. श्रावकाचं पहिलं व्रत दोन करण आणि तीन योगांनी घेतलेलं असतं. करणार नाही आणि करवणार नाही. पोत्याचं तोंड बांधून देणं यातल्या कशात बसतं, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

देशाचा कायदाही हे ओळखतो. प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये मारणं, छळणं यांच्या बरोबरीने, योग्य कारण नसताना प्राण्याला अशा ठिकाणी टाकून देणं की जिथे त्याला भूक-तहानेने यातना होतील, हाही गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. पण कायद्याच्याही कितीतरी आधी हे आपल्याला सांगून झालेलं आहे, आणि आपण ते रोज म्हणतो.

प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार येतात. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भत्तपान-विच्छेद. आपल्याला ते तोंडपाठ आहेत, म्हणूनच कदाचित ऐकू येत नाहीत. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांनी आनंद श्रावकाला श्रावकव्रतांचे अतिचार समजावले आहेत, त्यात हे पाच आहेत. आनंद हा गृहस्थ. त्याच्याकडे दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं होती. म्हणजे हे पाच अतिचार जनावरं बाळगणाऱ्या घराला सांगितलेले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही हेच पाच आहेत, त्यामुळे आपल्या दिगंबर भगिनींनाही ते परके नाहीत. त्या रात्री मी हे पाच अतिचार सोफ्यासमोर बसून पुन्हा वाचले.

बंध, म्हणजे बांधणं, कोंडणं. मांजरीने गादी फाडली की तिला न्हाणीघरात दिवसभर कोंडतात, किंवा गळ्याला नाडी बांधून टेबलाच्या पायाला अडकवतात. मांजर उड्या मारणारं जनावर, ती नाडी कधी फास होईल सांगता येत नाही.

वध. इथे वध म्हणजे ठार मारणं नव्हे, मारहाण. झाडू, चप्पल, लाटणं. पाप तर आहेच, शिवाय उपयोगही नाही. सोफा ओरबाडला म्हणून मार बसला, हा संबंध मांजरीला लागत नाही. ती एवढंच शिकते की ही बाई जवळ असली की भीती आहे. मग आपण भाजी आणायला बाहेर पडलो की ती निवांत ओरबाडते.

छविच्छेद, म्हणजे अंग कापणं. नात्यातल्या एका मुलाने मला मोबाईलवर दाखवलं, "मामी, परदेशात नखं काढायचं ऑपरेशनच करतात, कटकटच नाही." मी नीट वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मांजरीचं नख बोटाच्या शेवटच्या हाडालाच जोडलेलं असतं. नख काढायचं म्हणजे ते हाडच कापायचं, आपल्या बोटांची शेवटची पेरं छाटावीत तसं. इस्रायलने 2011 मध्ये आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये यावर बंदी घातली. आपल्याकडच्या 1960 च्या कायद्यात प्राण्याचा अंगविच्छेद हा गुन्हाच आहे. आणि आपल्या पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म आहे, जनावरांचे अवयव कापण्याचं काम. श्रावकाने त्यापासून लांब राहायचं. सोफ्याच्या कापडासाठी दहा बोटं, ही कल्पनासुद्धा आपल्या घरात यायला नको.

अतिभार म्हणजे जास्त ओझं लादणं. ती बैलांची, घोड्यांची गोष्ट. मांजरीला ती लागू होत नाही, म्हणून इथे ओढूनताणून काही लिहीत नाही.

भत्तपान-विच्छेद, म्हणजे अन्नपाणी तोडणं. "आज देऊ नका तिला काही, म्हणजे अक्कल येईल" हे वाक्य छोट्या प्रमाणात हेच आहे. आणि पोत्यात घालून सोडून येणं मोठ्या प्रमाणात हेच आहे. जी आपल्या हातून खात होती, तिची ताटली आपण तोडली. मला वाटत होतं की त्या ठिपक्यांच्या मांजरीच्या बाबतीत आमच्याकडून पाचपैकी एकही अतिचार झाला नाही. खरं तर दोन झाले होते. पोत्यात बंध आणि रस्त्यावर भत्तपान-विच्छेद.

आणखी एक गोष्ट, जी आपण न कळता करतो. मांजरीने सोफ्याकडे फिरकू नये म्हणून पुष्कळ जणी गाद्यांखाली डांबराच्या गोळ्या ठेवतात, किंवा ती जागा फिनाईलने पुसतात. दोन्ही मांजरीला विषारी आहेत. तिच्या यकृताला असले पदार्थ आपल्यासारखे पचवून बाहेर टाकता येत नाहीत. ती फरशीवरून चालते, मग पंजे चाटते आणि ते पोटात जातं. इथे मारण्याचा भाव नसतो, प्रमाद असतो. पण हिंसा समजावताना आपल्या आचार्यांनी सगळ्यात जास्त बोट प्रमादावरच ठेवलं आहे.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येते, कारण त्यांची बाजू हलकी नाही. त्या म्हणाल्या, "श्रावकाने मांजर पाळूच नये. पंधरावं कर्मादान काय आहे, वाच." खरं आहे. पंधरावं कर्मादान असतीजन-पोषण, आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ते समजावताना पोपट-मैनेबरोबर मांजराचंही नाव आलं आहे. मी पुस्तक काढून पाहिलं. तिथे धनासाठी पोसणं म्हटलं आहे. कर्मादान म्हणजे मुळात धंदा. मनी आम्ही विकत आणली नाही, तिच्यापासून काही कमवत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसात ती आडतीतल्या बारदान्याच्या ढिगात भिजून पडली होती, धाकट्याने टॉवेलात गुंडाळून घरी आणली.

तरी सासूबाईंचा मुद्दा मी निम्मा मानते. हौसेने मांजर आणू नये. ते मांसाहारी जनावर आहे, उंदीर धरणारच. ते तिचं शरीर आहे, त्यावर माझं व्रत चालत नाही. म्हणून कुणी मला विचारलं, मांजर आणू का, तर मी नको म्हणते. पण जी आली आहे, तिचं काय? दिल्लीत लाल किल्ल्यासमोर आपल्या लाल मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार-गरुडासारख्या मांसाहारी पक्ष्यांना ठेवून घेत नाहीत, पण उपचार करून पाठवतात. आपल्या लोकांनी मर्यादा पाळली आणि दार मात्र बंद केलं नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण पोत्याचा विषय तिथेच थांबला.

थांबला खरा, पण सोफा तर वाचवायचा होता. माझं मत स्पष्ट आहे. अहिंसा म्हणजे हातावर हात ठेवून घराची चिंधी होऊ देणं नव्हे. आपण गृहस्थ आहोत, वस्तू जपून वापरणं हाही विवेकच आहे. फक्त तिला काय हवं आहे ते आधी समजून घ्यायला पाहिजे.

मांजर रागाने किंवा खोडीने ओरबाडत नाही. नखांवरचं जुनं टरफल त्यामुळे गळून पडतं. झोपून उठल्यावर अंग ताणलं जातं. आणि तिच्या पंजांत वासाच्या ग्रंथी असतात, त्या वासाने ती 'ही माझी जागा' अशी खूण करते. म्हणून ती नेमकी सोफ्यालाच धरते, कारण घरची माणसं तिथे बसतात. ही तिची गरज बंद होणार नाही. तिला दुसरी जागा देता येते.

त्यासाठी बाजारातून काही महाग आणावं लागलं नाही. जुन्या चौकटीचा तीन फुटांचा लाकडी तुकडा घेतला. त्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला, वरच्या भागाला गोणपाट ठोकलं आणि खाली जड पाट बसवला. माझ्या दोन चुका झाल्या, त्या तुम्ही करू नका. आधी मी दीड फुटाचा खांब केला आणि तो डुगडुगत होता. मनीने एकदा पंजा लावला, तो कलला, ती पळाली ती पुन्हा तिकडे गेली नाही. मांजरीला पूर्ण उभं राहून ताणता येईल एवढी उंची हवी आणि खांब हलता कामा नये. दुसरी चूक म्हणजे तो मी मागच्या अंगणात ठेवला, नजरेआड. तिथे तिला कशाची खूण करायची आहे? मग तोच खांब सोफ्याच्या उजव्या हाताला अगदी चिकटून ठेवला. दिसायला बरं दिसत नव्हतं, पाहुण्यांनी विचारलंही. महिनाभर सोसलं.

तोपर्यंत सोफ्याच्या त्या हातावर गुळगुळीत प्लॅस्टिक घट्ट बांधलं आणि कडेने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंजाला चिकट लागलं की मांजर स्वतःहून बाजूला होते, कुणी ओरडावं लागत नाही. नागपुरी संत्र्याच्या वाळवलेल्या साली एका पुरचुंडीत बांधून सोफ्यामागे ठेवल्या. तो वास बहुतेक मांजरांना नको असतो. ती खांबाला पंजे लावायची तेव्हा धाकटा तिच्या हनुवटीखाली खाजवायचा. सोफ्याकडे गेली तर काही न बोलता उचलून खांबाजवळ ठेवायचं, एवढंच.

आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या एका बाईने एक युक्ती सांगितली. "बाई, खोकलीच्या मुयीवर मांजर कशी लोयते, पाह्यलं नाही का तुमी?" खोकली हे पावसाळ्यात उगवणारं तण, त्याच्या मुळाच्या वासाने मांजरं वेडावतात हे खरं आहे. पण मुळासकट झाड उपटायला माझा हात होईना. निंदणात आधीच निघालेली, बांधावर वाळत पडलेली दोन मुळं तिने आणून दिली. ती दोरावर घासली आणि टाकून दिली. खायला घातली नाहीत, तुम्हीही घालू नका. मनी त्या खांबाला अर्धा तास मिठी मारून बसली होती.

नखांचं टोकही कापता येतं, आणि त्यात छविच्छेद नाही. आपण स्वतःची नखं कापतो तसंच ते आहे. ती झोपेतून उठून सुस्त असताना पंजाची गादी हलकी दाबायची, नख बाहेर येतं. पुढचा पांढरा पारदर्शक आकडा तेवढाच कापायचा. मागे गुलाबी दिसतं तिथे रक्तवाहिनी आणि नस असते, तिकडे जायचं नाही. एका वेळी दोन-तीन नखं झाली तरी पुरे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. भीती वाटत असेल तर पशुवैद्याकडून एकदा शिकून घ्या.

आणि ज्या जणी नवं कापड निवडणार आहेत त्यांना सांगते, माझ्यासारखी खरबरीत, मोकळी वीण घेऊ नका. मांजरीला ती गोणपाटासारखीच वाटते. घट्ट विणीच्या, गुळगुळीत मखमली कापडात नख नीट रुतत नाही. चूक मनीची कमी आणि कापड निवडणारीची जास्त होती, हे मी ह्यांच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही. लेख वाचून त्यांना कळेलच.

तीन-साडेतीन आठवड्यांत मनीने सोफा सोडला. पडद्यांवर ती अजून अधूनमधून लोंबकळते, म्हणून दिवसा ते वर गाठ मारून ठेवते. सोफ्याचा उजवा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. त्यावर मी जुन्या साडीचं कापड शिवून खोळ घातली आहे. रोज ती खोळ दिसते आणि वाटतं, परिग्रह परिमाणाचं व्रत घेताना आपण वस्तू मोजतो, पण त्या वस्तूंसाठी आपण काय काय करायला तयार होतो, ते मोजत नाही. एका सोफ्यासाठी त्या संध्याकाळी मीसुद्धा क्षणभर पोत्याचा विचार केला होता.

परवा सासूबाई दुपारी सोफ्यावर माळ फिरवत बसल्या होत्या. मनी शेजारी झोपली होती. त्या मला म्हणाल्या, "हिची ताटली रिकामी आहे, पाहिलंस का?" बाकी काही बोलल्या नाहीत.

तुमच्या घरी येत्या काही दिवसांत कुणी म्हणालं, "मारायचं थोडंच आहे, सोडून येऊ," तर एवढं करा. माझ्यासारखं दारात गप्प उभं राहू नका. नवी सून असाल तरी बोला. पोत्याचं तोंड बांधायच्या आधी बोलायचं असतं, नंतर खमावण्यासाठी समोर कुणी उरत नाही.

जिनाज्ञेच्या विरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्. आणि त्या ठिपक्यांच्या मांजरीलाही.